चोवीस तासांचा ताप

१ नोव्हेंबर १९५६ या एका दिवसात किनवट तालुक्याचा जिल्हाही बदलला आणि राज्यही. आदल्या दिवसापर्यंत तो हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. राज्य पुनर्रचना कायद्यानं किनवट आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ आदिलाबादपासून तोडून नांदेडला जोडलं. नकाशावरची रेघ सरकली, पण माणसांचं येणं-जाणं होतं तसंच राहिलं. किनवटहून आदिलाबाद आजही नांदेडच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. मुदखेड-आदिलाबाद रेल्वे इथूनच जाते. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ, म्हणजे विदर्भ. पूर्वेला डोंगर उतरला की तेलंगणा. गोंड, कोलाम, प्रधान आणि आंध यांची सोयरीक या तिन्ही बाजूंना पसरलेली आहे.

सागवानाचं जंगल, सहस्रकुंडचा धबधबा आणि शेजारचा माहूरगड ही या भागाची ओळख सगळ्यांना ठाऊक असते. साथरोगांच्या अभ्यासकांना मात्र हा मुलूख एका मोठ्या पट्ट्याचा भाग म्हणून दिसतो. नागपूरपासून दक्षिणेकडे यवतमाळ, किनवट, आदिलाबाद असं करत करीमनगर-वरंगळपर्यंत तो जातो. सगळीकडे चित्र साधारण सारखंच आहे. कोरडवाहू शेती, कुडाची किंवा मातीच्या भिंतीची घरं, घराला लागून गोठा, गोठ्याला लागून उकिरडा. या पट्ट्याच्या उत्तर टोकाला १९६५ साली एक नवा विषाणू सापडला. तो काय करू शकतो हे कळलं दक्षिण टोकाला, २००३ साली. मधल्या ३८ वर्षांची गोष्ट म्हणजे गरिबांच्या रोगावर संशोधन नेमकं कुठे अडतं याचा पाठच आहे.

त्या विषाणूचं नाव चांदीपुरा. त्यानं होणारा आजार आधी साध्या तापासारखा दिसतो. दिवसभर खेळलेलं लेकरू रात्री एकाएकी तापतं, उलट्या करतं. काही तासांत आकडी येते, डोळे फिरतात, शुद्ध हरपते. ज्यांना वाचवता येत नाही, ती मुलं बहुधा पहिल्या २४ ते ४८ तासांतच जातात. आजारी पडतात ती जवळजवळ सगळी पंधरा वर्षांखालची. त्याच घरातली मोठी माणसं धडधाकट असतात.

रोग नसलेला विषाणू

१९६३ साली कोलकात्यात चिकुनगुनियाची मोठी साथ आली. पुढच्या वर्षी ती मद्रासला गेली, आणि १९६५ मध्ये नागपुरात पोचली. सांधे धरलेले, तापानं फणफणलेले रुग्ण घरोघर होते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचं पथक तिथे गेलं आणि रुग्णांचं रक्त गोळा करू लागलं. हे केंद्र १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून उभारलं होतं. कीटकांमार्फत पसरणारे विषाणू शोधणं हेच त्याचं मुख्य काम. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा गोचिडीतून पसरणारा माकडताप याच केंद्रानं शोधून काढला होता. १९७८ मध्ये केंद्राचं नाव राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था झालं. आज सगळे तिला एनआयव्ही म्हणतात.

त्या काळी विषाणू ओळखायचा तर जिवंत प्राणी लागे. रुग्णाच्या रक्ताचा द्रव भाग वेगळा करून तो दोन-तीन दिवसांच्या उंदराच्या पिलाच्या मेंदूत अगदी बारीक सुईनं टोचत. मग रोज पिलांकडे लक्ष ठेवायचं. पिलू मलूल झालं, दूध प्यायचं थांबलं, की त्याच्या मेंदूतून विषाणू काढून ओळखीच्या विषाणूंच्या प्रतिपिंडांशी ताडून बघायचा. नागपूरच्या बहुतेक नमुन्यांत अपेक्षेप्रमाणे चिकुनगुनिया किंवा डेंगी निघाला. दोन रुग्णांच्या रक्तातून मात्र असं काही निघालं की जे कुठल्याच ओळखीच्या विषाणूशी जुळेना. एका साथीचा शोध घेताना दुसराच विषाणू हाती लागला होता. पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये तो जगापुढे मांडला. तेव्हाच्या रिवाजानुसार त्याला जागेचं, म्हणजे चांदीपुऱ्याचं, नाव मिळालं.

सूक्ष्मदर्शकाखाली तो बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिसतो. एक टोक गोल, दुसरं सपाट. रेबीजचा विषाणू याच कुळातला. गुरांच्या तोंडाला आणि खुरांना फोड आणणारा एक विषाणू त्याचा आणखी जवळचा भाऊबंद. प्रयोगशाळेत एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. उंदराच्या पिलांना हा विषाणू झटपट मारतो. मोठ्या उंदराच्या कातडीखाली तोच टोचला तर त्याला काही होत नाही. माणसांच्या बाबतीत तसंच काही घडत असेल, असं म्हणण्याजोगा पुरावा मात्र तेव्हा कुणापाशी नव्हता. देशाच्या अनेक भागांतल्या लोकांचं आणि जनावरांचं रक्त तपासलं तेव्हा चांदीपुराविरुद्धची प्रतिपिंडं पुष्कळांत सापडली. याचा अर्थ असा की हा विषाणू देशभर फिरत होता आणि बहुतेकांना न कळत भेटून जात होता. ज्या दोन रुग्णांत तो मिळाला त्यांना नुसता ताप होता. त्यामुळे त्याची गणना निरुपद्रवी विषाणूंत झाली. रोग नसलेला विषाणू म्हणून तो शीतपेटीत गेला.

मधे एकदा त्यानं इशारा दिला होता. १९८० मध्ये मध्य प्रदेशात मुलांत मेंदूच्या आजाराची साथ आली. तिथल्या एका रुग्णाच्या रक्तातून रॉड्रिग्ज यांच्याच गटानं चांदीपुरा वेगळा केला आणि १९८३ मध्ये तसं लिहिलंही. पण एवढ्या पुराव्यावर साथीचं खापर एका विषाणूवर फोडता येत नव्हतं. गोष्ट तिथेच राहिली.

औरंगाबादच्या गोठ्यांतली माशी

हा विषाणू पसरतो कसा, या प्रश्नाचं उत्तर त्याआधीच मराठवाड्यानं दिलं होतं. १९७० मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये धांडा, रॉड्रिग्ज आणि घोष यांचा एक लेख आला. औरंगाबादेत पकडलेल्या वाळूमाश्यांतून त्यांनी चांदीपुरा विषाणू मिळवला होता. डासांकडे बघायची सवय असलेल्यांना ही दिशा नवी होती.

वाळूमाशी तिळाएवढी असते. अंगावर लव, रंग मातकट, आणि बसली की पंख मिटत नाही, इंग्रजी 'व्ही'सारखे उभे धरते. डासासारखी गुणगुणत नाही. सरळ उडण्यापेक्षा टुणटुण उड्या मारत पुढे सरकते आणि जमिनीपासून फार उंच जात नाही. नेहमीच्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ती सहज आत शिरते. अंडी पिकवायला मादीला रक्त लागतं. पण अंडी ती पाण्यात घालत नाही. भिंतीच्या भेगांतली ओलसर माती, गोठ्यातलं शेण, कुजलेला पालापाचोळा ही तिची जागा. अळी तिथेच वाढते. म्हणून गटारात औषध टाकून किंवा पाण्याची डबकी बुजवून वाळूमाशीवर काही परिणाम होत नाही.

तिला पकडणं हे किचकट काम आहे. भल्या पहाटे किंवा तिन्हीसांजेला बॅटरी घेऊन गोठ्यात जायचं. हाती काचेची नळी, तिला जोडलेली रबरी नळी, रबरी नळीचं टोक तोंडात. भिंतीच्या कोपऱ्यात माशी दिसली की नळीचं तोंड तिच्यावर धरून हवा ओढायची. दोन्ही नळ्यांच्या मधे बारीक जाळी असते, नाहीतर माशी थेट घशात जायची. पकडलेल्या माश्या ओल्या कापसाच्या नळीत ठेवायच्या. प्रयोगशाळेत त्या गार करून सुस्त करायच्या आणि एकेक सूक्ष्मदर्शकाखाली धरून नर-मादी व जाती वेगळ्या करायच्या. जात ओळखायला डोकं आणि पोटाचं टोक कापून बघावं लागतं. उरलेला देह विषाणूच्या तपासासाठी राखून ठेवायचा. मग एका जातीच्या माश्यांचा गट करून घोटायचा आणि त्यात विषाणू आहे का ते पाहायचं. शेकडो माश्यांमागे एखाद्या गटात तो मिळाला तरी श्रम सार्थकी लागले म्हणायचे.

पुढच्या प्रयोगांनी चित्रात भर घातली. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत दिसलं की विषाणू मादीकडून तिच्या अंड्यांतही उतरतो. २००५ मध्ये एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की लागण झालेला नर समागमातून मादीलाही विषाणू देतो. म्हणजे माणूस किंवा जनावर मधे न येताही हा विषाणू माश्यांच्या पिढ्यांतून काही काळ टिकून राहू शकतो. पावसाळ्याच्या तोंडावर माश्या वाढल्या की तोही वर येतो.

वाळूमाशीचा संबंध रोगाशी जोडण्याची रीत भारतात जुनी आहे. काळा आजार हाही तिच्यामार्फतच पसरतो. ते सिद्ध केलं स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी, आसामात, १९४२ मध्ये. ज्या भागात हा आजार नाही तिथून आलेल्या स्वयंसेवकांनी माश्यांना स्वतःला चावू दिलं आणि ते आजारी पडले. तेव्हा पुरावा असा मिळवावा लागे. काही तासांत बेशुद्ध होणाऱ्या मुलांच्या बाबतीत असल्या प्रयोगाची कल्पनाही करवत नाही. इथे पुरावा रुग्णाकडूनच घ्यायचा होता, आणि तोही तो जिवंत असताना.

२००३ चा जून

त्या उन्हाळ्याच्या अखेरीस आंध्र प्रदेशच्या उत्तरेकडच्या जिल्ह्यांतून, म्हणजे आजच्या तेलंगणातून, मुलं आकडीत आणि बेशुद्धीत रुग्णालयात येऊ लागली. करीमनगर आणि वरंगळ आघाडीवर होते. महाराष्ट्रात विदर्भातूनही तशाच बातम्या येत होत्या. पहिला संशय गेला तो जपानी मेंदूज्वरावर. आंध्रात तो वर्षानुवर्षं घर करून होता. पण त्याच्या तपासण्या हो म्हणेनात. गोवरही नव्हता.

एनआयव्हीनं नमुने अनेक वाटांनी तपासले. आता उंदराच्या पिलांवरच विसंबून राहण्याची गरज नव्हती. काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशी होत्या, विषाणूची जनुकं वाढवून ओळखणारी पीसीआर चाचणी होती. पेशींच्या थरात काहीतरी वाढू लागलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते गोळीच्या आकाराचं निघालं. एनआयव्हीच्या बी. एल. राव आणि सहकाऱ्यांचा अहवाल २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. जून ते ऑगस्ट २००३ या काळात मेंदूज्वराची ३२९ मुलं नोंदली गेली होती आणि त्यांतली १८३ दगावली होती. सहा रुग्णांतून चांदीपुरा विषाणू वेगळा झाला. नऊ जणांच्या नमुन्यांत त्याचा आरएनए सापडला. मरण पावलेल्या एका मुलाच्या मेंदूच्या ऊतीतही विषाणूच्या खुणा मिळाल्या. नव्या विषाणूंची जनुकं १९६५ च्या नागपुरी नमुन्याशी ताडून पाहिली तेव्हा ती ९६.७ ते ९७.५ टक्के जुळली. चार दशकांत तो फारसा बदललेला नव्हता.

म्हणजे मारण्याची ताकद या विषाणूत नव्यानं आली, असं मानायला फारसा आधार नव्हता. बहुधा तो आधीही मुलं मारत होता आणि ती मुलं 'मेंदूज्वर', 'अज्ञात ताप' अशा नोंदींखाली, किंवा नोंदीविनाच, जात होती.

झटका की जळजळ

हे निदान सगळ्यांना पटलं नाही. हैदराबादच्या निलोफर बालरुग्णालयातले पी. नागभूषण राव रोज या मुलांवर उपचार करत होते. मुलांचे मेंदूचे स्कॅन पाहून त्यांना वाटलं की हा मेंदूज्वर नाहीच. मेंदूच्या एका विशिष्ट मोठ्या रोहिणीच्या क्षेत्रात रक्तपुरवठा तुटल्यासारखं चित्र दिसत होतं, म्हाताऱ्या माणसांना येतो तसा पक्षाघाताचा झटका. त्यांनी त्याला मेंदूच्या झटक्याची साथ म्हटलं. वेल्लोरचे ज्येष्ठ विषाणूतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांनीही लॅन्सेटला पत्र लिहून मेंदूज्वराच्या निदानावर प्रश्न उभे केले. ३२९ मुलांपैकी विषाणू सहांतून मिळाला, मग उरलेल्यांचं काय, ही शंकाही घेता येण्याजोगी होती.

हा वाद नुसता नावाचा नव्हता. मेंदूला सूज आणि दाह असेल तर डॉक्टर एका दिशेनं उपचार करतात. रोहिणीत अडथळा असेल तर दुसऱ्या. आणि विषाणू रोगाचं कारण आहे की फक्त सोबत सापडलेला पाहुणा, हे ठरल्याशिवाय फवारणीवर पैसा ओतायचा की नाही हेही ठरत नाही.

वादाच्या मुळाशी एक साधी अडचण होती. विषाणूविरुद्धची आयजीएम प्रतिपिंडं रक्तात दिसायला वेळ लागतो. लॅन्सेटच्या त्याच अभ्यासात चौथ्या दिवसानंतर घेतलेल्या रक्तात ती कितीतरी जास्त वेळा सापडली. पण दगावणारी बहुतेक मुलं दुसऱ्या दिवसापलीकडे जातच नव्हती. म्हणजे रक्ताची नेहमीची चाचणी जगलेल्या मुलांबद्दल बोलत होती आणि गेलेल्यांबद्दल गप्प होती. उरला तो आरएनए. तो पहिल्या दिवशीच्या रक्तात किंवा घशाच्या स्रावात असू शकतो. पण तो लवकर विघटित होतो, त्याला सलग थंडावा लागतो. शवविच्छेदन हा तिसरा मार्ग. कालपर्यंत खेळणाऱ्या लेकराचा मेंदू उघडून पाहू द्या, असं आईबापाला सांगणं किती अवघड असतं ते खेड्यात काम केलेला डॉक्टरच जाणे. तरी एका घरानं होकार दिला असणार, कारण त्या एका मेंदूतून सबंध अहवालातला एक बळकट पुरावा मिळाला.

पुढच्या वर्षांत नमुने लवकर घेण्यावर भर दिला गेला आणि पारडं विषाणूच्या बाजूला झुकलं. २००४ मध्ये पूर्व गुजरातच्या जिल्ह्यांत साथ आली; तिथेही चांदीपुरा मिळाला आणि आजारी पडलेल्या दर चार मुलांत तीनहून अधिक गेली. उत्तर तेलंगणात २००५-०६ मध्ये केलेल्या रुग्णालयीन पाहणीत तो मुलांतल्या मेंदूज्वराचं मोठं कारण म्हणून दिसला. २००७ मध्ये नागपूर विभागात ७८ मुलं आजारी पडली आणि त्यांतली ३४ दगावली. करीमनगरच्या गावांतून पकडलेल्या दुसऱ्या एका प्रजातीतल्या वाळूमाश्यांतही विषाणूचा माग लागला. निलोफरमध्ये दिसलेल्या झटक्याच्या खुणांचा प्रश्न त्यामुळे पूर्ण सुटला असं नाही. पण आता तो विषाणू मेंदूत नेमकं काय करतो, असा विचारला जाऊ लागला.

पहिले काही तास

समजा, जुलैतल्या एका रात्री अकरा वाजता किनवट तालुक्यातल्या एखाद्या कोलाम पोडावर, म्हणजे पाड्यावर, मूल तापलं. तीनला पहिली आकडी. आशाताईंना उठवलं, वाहन मिळालं, तर उजाडता प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून गोकुंद्याचं उपजिल्हा रुग्णालय. मूल शुद्धीवर येत नसेल तर पुढे नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, किंवा जवळ पडतं म्हणून आदिलाबाद. दुपार होईपर्यंत आजाराचे पंधरा तास उलटलेले असतात.

या पंधरा तासांत संशोधनाच्या दृष्टीनं फक्त एक गोष्ट व्हायला हवी असते. मुलाचं थोडं रक्त आणि घशाचा स्राव योग्य द्रवात, बर्फात, तारीख-वेळ लिहून ठेवला जाणं. ज्या परिचारिकेचे दोन्ही हात आकडी थांबवण्यात गुंतलेले असतात, तिनंच हा नमुना घ्यायचा. मग तो पुण्याला पोचायचा, साडेपाचशेहून जास्त किलोमीटरवर. वाटेत बर्फ वितळला, चिठ्ठी भिजली, शनिवार-रविवार आला, की नमुना 'अनिर्णित' म्हणून परत येतो. मूल आदिलाबादला दाखल झालं तर त्याची नोंद तेलंगणाच्या खात्यात पडते, आणि ज्या भिंतींची फवारणी व्हायला हवी त्या नांदेड जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या हद्दीत असतात. दोन्ही कार्यालयांनी एकमेकांना फोन केला तरच ते घर सापडतं.

२०२४ च्या पावसाळ्यात ही साखळी तुलनेनं चांगली चालली. जुलैमध्ये गुजरातमधल्या साबरकांठा जिल्ह्यातल्या हिंमतनगरच्या सरकारी रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांना लागोपाठ आलेल्या मुलांची लक्षणं वेगळी वाटली. त्यांनी चांदीपुराचा संशय घेतला आणि नमुने पुण्याला पाठवले. जून ते १५ ऑगस्ट या काळात देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू झाले आणि ६४ जणांत चांदीपुराची खात्री झाली. त्यांतले ६१ गुजरातचे, तीन राजस्थानचे. जागतिक आरोग्य संघटनेनं ही वीस वर्षांतली सर्वांत मोठी साथ म्हटली. २४५ मधल्या सगळ्यांना चांदीपुरा नव्हता, त्यामुळे २००३ च्या आकड्यांशी सरळ तुलना करता येत नाही. तरी एक फरक ठळक आहे. या वेळी साथ भरात असतानाच डॉक्टरांना शत्रूचं नाव माहीत होतं.

नाव कळल्यानं औषध मिळत नाही. या विषाणूवर खास औषध आजही नाही. पण आकडी ताबडतोब थांबवणं, मेंदूची सूज उतरवणं, श्वास आणि रक्तातली साखर सांभाळणं यानं मुलं वाचतात, आणि जितकं लवकर तितकी जास्त. पुण्याला पोचलेला नमुना म्हणूनच त्या एका मुलाच्या फारसा कामी येत नाही. तो येतो गावातल्या पुढच्या मुलाच्या.

भिंत

लशीचं काय, हा प्रश्न साहजिक येतो. एनआयव्हीनं निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून एक लस तयार करून २०११ मध्ये तिचे प्राण्यांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाजारात मात्र अशी लस नाही. जपानी मेंदूज्वराचं उदाहरण शेजारी ठेवून पाहावं. त्या रोगाचे हजारो रुग्ण होते, उत्तर प्रदेशापासून आसामपर्यंत राज्यं ओरडत होती. एनआयव्हीनं कोलारच्या रुग्णातून मिळवलेल्या विषाणूवर भारत बायोटेकनं लस बनवली आणि २०१३ मध्ये ती आली. चांदीपुराची साथ काही वर्षांनी येते, दोन-चार जिल्ह्यांत येते, आणि आदिवासी पाड्यांत येते. कुठल्या कंपनीनं किती मात्रा बनवाव्यात आणि कुणाला विकाव्यात, याचं गणित बसत नाही. संशोधक अशा रोगांना दुर्लक्षित म्हणतात.

राहिली ती भिंत. वाळूमाशी उंच जात नाही, म्हणून काळ्या आजाराच्या कार्यक्रमात बिहारमध्ये घराच्या भिंती आतून जमिनीपासून सहा फुटांपर्यंतच फवारतात. छतापर्यंत जायची गरज नसते. २०२४ मध्ये गुजरातनं मातीच्या घरांच्या भेगांत मॅलॅथिऑनची भुकटी मारली. हे उपाय हंगामापुरते चालतात.

भेग बुजवणं हा त्याहून टिकाऊ मार्ग, आणि तो बायका आपल्या परीनं आधीपासून करतच आहेत. किनवटकडे कुडाच्या भिंतीला माती-शेणाचा लेप असतो. उन्हाळ्यात तो तडकतो. पावसाआधी आणि सणासुदीला पुन्हा लिंपायचा, वरून पांढऱ्या मातीनं पोतारायचा. पेरणीची घाई, मजुरीचे दिवस आणि हंगामी स्थलांतर यांत लिंपण मागे पडलं तर भेगा तशाच राहतात, आणि त्या भरतात वाळूमाशीच्या अळ्यांनी, नेमक्या जून-जुलैत. चुन्याचा गिलावा, गोठा घरापासून काही पावलं दूर, उकिरडा त्याहून दूर, मुलांना खाटेवर बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपवणं, अंगभर कपडे, ही सगळी माहिती आरोग्य खात्याच्या पत्रकांत आहे. ती पाळायची तर खाट लागते, जागा लागते, चुना लागतो. आदिवासींसाठीच्या शबरी योजनेतलं पक्क्या भिंतीचं घरकुल मंजूर होण्याचा वेग हाही त्यामुळे साथरोगाच्या अभ्यासात मोजण्याची बाब ठरतो.

जनावरांचं रक्त

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि परिसर यांच्या आजारांचा एकत्र अभ्यास करणं हा तिचा उद्देश. चांदीपुरासाठी ही जोडणी अगत्याची आहे, कारण त्याचा सगळ्यांत मोठा अनुत्तरित प्रश्न जनावरांशी निगडित आहे. साथ नसलेल्या वर्षांत विषाणू राहतो कुठे? नायजेरियात तो जाहकांत, म्हणजे काटेरी लहान सस्तन प्राण्यांत सापडला. सेनेगलमध्ये वाळूमाश्यांत. भारतात गुरं, शेळ्या, म्हशी, घोडे अशा अनेकांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडली आहेत. पण प्रतिपिंडं असणं म्हणजे विषाणू कधीतरी भेटून गेला एवढंच. त्याला अंगात सांभाळून पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोचवणारा प्राणी कोणता, किंवा असा प्राणी लागतच नाही आणि माशीची अंडीच पुरेशी असतात, हे ठरायचं आहे.

त्यासाठी जे काम लागतं ते दिसायला साधं आणि करायला चिकाटीचं आहे. एकाच गावातून वर्षभर, दर महिन्याला त्याच गोठ्यांतून माश्या पकडायच्या. त्याच गोठ्यातल्या शेळीचं, कुत्र्याचं, धुऱ्यावरच्या उंदराचं रक्त घ्यायचं. गावातल्या दवाखान्यात त्या वर्षी आलेल्या तापाच्या मुलांची तारीख त्याला जोडायची. मार्चमध्ये विषाणू एखाद्या शेळीत किंवा उंदरात दिसला आणि जुलैत मुलांत, तर फवारणीचा मुहूर्त एप्रिलवर आणता येईल. तो फक्त माश्यांच्या अंड्यांत मिळाला, तर शेळ्यांचं रक्त काढण्याचा खर्च वाचेल आणि सगळा जोर भेगांवर देता येईल.